दोन कपांचा लोड

“डिकीत एक सॉकेट बसवून हवंय,” अष्टेकर बाई म्हणाल्या, आणि मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून सरळ उभी राहिले.

उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं. पण आठवी ते दहावी बाईंनी मला विज्ञान शिकवलं होतं, आणि त्या वर्गात आल्या की पंखासुद्धा जरा हळू फिरतो असं आम्हा पोरींना वाटायचं. दहावीला मला विज्ञानात अडतीस मार्क पडले. निकालाच्या दिवशी बाईंनी माझ्या गुणपत्रिकेकडे बघून एवढंच विचारलं होतं, की विजेच्या धड्यावरचे सगळे प्रश्न तू सोडून का दिलेस.  घरी ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान, शाळा सुटली की आप्पांच्या शेजारी बसून वायरी सोलायच्या, आणि पेपरात नेमका विजेचाच धडा सोडलेला. याला उत्तर काय देणार.

ही गोष्ट त्यानंतर आठ वर्षांनी घडली. मी तेवीस वर्षांची होते. फलटणला आमचं दुकान होतं, बाईंच्याच गल्लीच्या तोंडाशी. आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डॉक्टरांनी पंधरा दिवस वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं, त्यामुळे ते काळा चष्मा लावून दाराशी खुर्चीत बसायचे आणि येणाऱ्याला सांगायचे, “काम आता वैजू करती.” वैजू म्हणजे मी. गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, आप्पांच्या तब्येतीची चौकशी करायचं आणि पंधरा दिवसांनी येतो म्हणून निघून जायचं. आठवडाभरात मी एक हॉर्न आणि दोन इंडिकेटर एवढंच काम केलं होतं. त्यातला एक इंडिकेटर आमच्याच स्कूटरचा.

त्यामुळे बाई गाडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या की काम तूच करायचं, तेव्हा मला बरं वाटलं. जरा संशयही आला.

बाईंची गाडी म्हणजे पांढरी वॅगन आर. रिटायर झाल्यावर त्यांनी ती घेतली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या. लग्न केलेलं नव्हतं. वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या आणि खाली धाकटा भाऊ वसंतराव आणि त्याची बायको नलिनीवहिनी. हे वसंतराव आप्पांचे तालमीपासूनचे मित्र. रोज सकाळी आमच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून पेपर वाचायचे आणि वाचलेलं सगळं आप्पांना पुन्हा सांगायचे.

मी वही उघडली आणि बाईंना विचारलं, “लोड किती आहे?”

“म्हणजे?”

“सॉकेटला काय लावणार आहात? मोबाईल लावायचा असला तर वायर वेगळी, हवा भरायचा पंप लावायचा असला तर वेगळी. फ्यूज त्या हिशोबानं.”

बाईंनी आप्पांकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. म्हणाल्या, “समज, शंभर वॅट.”

आयुष्यात पहिल्यांदा बाईंच्या तोंडून मी ‘समज’ हा शब्द ऐकत होते. वर्गात कुणी ‘समजा’ म्हटलं की त्या खडू खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, समजायचं नाही, मोजायचं. मी धीर करून तेच वाक्य त्यांना म्हणून दाखवलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता अंगठे धरून उभं राहायला लावतात. पण त्या म्हणाल्या, “शंभर वॅट. समज काढून टाक. गुरुवारपर्यंत गाडी तयार हवी, शुक्रवारी सकाळी मला निघायचंय.”

कुठं निघायचंय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती नव्हती.

मंगळवारी मी काम सुरू केलं. बाई स्टूल घेऊन गाडीजवळ बसल्या, परीक्षेला पर्यवेक्षक बसतात तशा. माझा बेत असा होता की बॅटरीपासून नवी जाड वायर टाकायची, इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून रबरी बुचातून आत घ्यायची, दारांच्या उंबऱ्याची प्लॅस्टिकची पट्टी उचलून तिच्याखालून मागच्या सीटपर्यंत न्यायची आणि तिथून डिकीत. दिवसभराचं काम. बाईंचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला. पुढं सिगारेट लायटरचं सॉकेट आहेच, त्यालाच जोड देऊन वायर मागं ओढ, तासाभरात मोकळी होशील.

मी म्हटलं, “ती वायर बारीक आहे बाई. मागं पोचेपर्यंत करंट दमतो.”

“करंट दमत नाही,” बाई म्हणाल्या. “शास्त्रीय भाषेत बोल.”

शास्त्रीय भाषा मला येत नव्हती. मी नुसती मान हलवली आणि बारीक वायरीला हात लावला नाही. तेव्हा बाईंनी पर्समधून एक पाकीट काढलं, त्याच्या पाठीवर वायरीची लांबी लिहिली, जाडी लिहिली, आणि गणित करायला बसल्या. आप्पा काळ्या चष्म्याआडून ऐकत होते. पाच-सात मिनिटं गेली. मग बाईंनी पाकिटावर खाली दोन रेघा ओढल्या.

“बारा व्होल्टमधले जवळजवळ दीड वाटेतच जातायत,” त्या सावकाश म्हणाल्या. “बरोबर आहे तुझं. दमतो.”

त्या दिवशी मी उंबऱ्याच्या पट्ट्या उचलताना, मॅट काढताना, चेसिसचा रंग खरवडून अर्थिंगचा बोल्ट आवळताना एकसारखी गुणगुणत होते, असं आप्पांनी मला नंतर सांगितलं.

बुधवारी दुपारी काम झालं. आप्पा जेवून आत झोपले होते. बॅटरीजवळ मी दहा अँपिअरचा फ्यूज टाकला होता, शंभर वॅटला पुरेसा. मी टेस्ट लॅम्प लावून दाखवला, झकास पेटला. बाई म्हणाल्या, आता मी माझी वस्तू लावून बघते, तू पलीकडे तोंड कर. मी म्हटलं, बाई, वायरमनला तोंड फिरवायला लावतात का कुठं. पण त्यांनी बोट केलं तसं मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. पुन्हा शाळेतच गेल्यासारखं वाटलं.

मागं पिशवीची खुडबुड झाली, पाणी ओतल्याचा आवाज आला.  अडीच-तीन मिनिटांनी बाई म्हणाल्या, “दिवा गेला.”

फ्यूज उडाला होता. मी वळले. डिकीत एक छोटी स्टीलची किटली होती, गाडीच्या सॉकेटवर चालणारी. बुडाशी लिहिलेलं मी वाचलं.

“बाई, ही दीडशे वॅटची आहे.”

“दुकानदारानं शंभर सांगितलं.”

“शंभराची एका कपाची असंल. ही दोन कपांची आहे.”

बाईंनी पिशवी जवळ ओढली. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो विजेचा नव्हता. बाई चहा पीत नाहीत. अख्ख्या फलटणला हे ठाऊक होतं. शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाकार्यात, कुणी मेलं तरी, बाईंच्या हातात कायम साध्या पाण्याचा पेला. मी पिशवीकडे पाहिलं. तोंडाशी चहापत्तीचा पुडा होता, साखरेची बरणी होती, आणि टॉवेलात नीट गुंडाळलेलं काचेचं चंचुपात्र. प्रयोगशाळेतलं. अडीचशे मिलिलिटरच्या खुणांचं.

चंचुपात्रातून चहा पिणारा माणूस आमच्या गावात एकच होता. शेळके मामा.

शेळके मामा आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेचे सहायक. काटकुळे, मिशाळ, बारीक आवाजाचे. बाईंचा प्रयोग फसला की मागून येऊन एखादी वायर दाबायचे आणि प्रयोग चालू व्हायचा. वर्गाला वाटायचं बाईंनीच केला. स्पिरिटच्या दिव्यावर ते दिवसातून पाच वेळा चहा उकळायचे, चंचुपात्रात ओतून फुंकर मारत प्यायचे, आणि दिवसातून पाच वेळा बाई त्यांच्यावर ओरडायच्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती त्यांची. बाईंच्या चार वर्षं आधी ते रिटायर झाले.

“मामा?” मी विचारलं.

बाईंनी टॉवेलाची घडी सारखी केली. त्यांचे कान लाल झाले होते. मग त्या शाळेत धडा सांगायच्या तशा आवाजात, न थांबता सांगत गेल्या. महिन्याभरापूर्वी साताऱ्याला रजिस्टर लग्नाची नोटीस दिली आहे. शुक्रवारी सकाळी सह्या. तिथूनच गाडीनं बदामी, हंपी, पुढं जमेल तिथवर. घरी कुणाला माहीत नाही. वसंताला माहीत झालं तर तो आडवा पडेल. बाईंच्या हाताखाली काम केलेला माणूस, जात दुसरी, आणि वय हे असं. लोक काय म्हणतील ते तो आधी स्वतःच म्हणून घेईल. आप्पांना कळलं तर वसंताला कळायला दुसरा दिवस लागायचा नाही, म्हणून आप्पांच्या डोळ्यांवर काळा चष्मा असताना गाडी आणली.

“आणि दर तासाला त्या माणसाला चहा लागतो,” बाई म्हणाल्या. “दर तासाला टपरी शोधत बसले तर हंपीला पोचायला पावसाळा उजाडेल.”

मला हसू आलं. बाईही हसल्या. बाईंना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांचे पुढचे दोन दात जरा फाकलेले आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

मी त्यांना सांगितलं की वायर जाड आहे, तिला काही होत नाही. फ्यूज तेवढा पंधराचा टाकते आणि सॉकेटही जरा दणकट बसवते. मात्र किटली लावताना इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर बॅटरी बसेल. बाईंनी हे पाकिटावर लिहून घेतलं.

गुरुवारी सकाळी वसंतराव पेपर न उघडता बाकावर बसले. मी गाडीच्या डिकीत डोकं घालून नवं सॉकेट आवळत होते. त्यांना वाटलं असावं, मला ऐकू जात नाही. ते आप्पांना सांगत होते की ताईच्या टेबलावर कर्नाटकाचा नकाशा सापडला. ही बाई साठीला आली, दोन वर्षं झाली गाडी शिकून, आणि एकटी हंपीला निघाली आहे. समजावून ऐकणारी ती नव्हे. तेव्हा शंकरा, तू एक काम कर. पार्ट मिळत नाही म्हणून सांग आणि चार दिवस गाडी अडकवून ठेव. तोवर मी तिला वळवतो.

आप्पा म्हणाले, “एवढंच ना. ठेवू की.” मग मला हाक मारून म्हणाले, “वैजू, बाईंच्या गाडीची बॅटरीची तार काढून ठेव.”

मी आजवर आप्पांचा शब्द मोडला नव्हता. दुकानात तर नाहीच. मी डिकीतून बाहेर आले आणि हात फडक्याला पुसले. खरं सांगावं तर बाईंचं गुपित फुटतं. तार काढावी तर शुक्रवार जातो. आणि माझं स्वतःचंही काही होतं त्यात. आठवडाभरात माझ्याकडे आपण होऊन आलेलं ते एकच गिऱ्हाईक होतं.

“गाडी तयार आहे आप्पा,” मी म्हणाले.

“अगं, पण ते म्हणतायत—”

“काम झालंय. काल सांगितलं होतं तसं झालंय. गाडी बाईंची आहे, त्यांनी मागितली की द्यायची.”

वसंतराव उठले. माझ्यावर त्यांचा राग नव्हता, खरं तर त्यांचा चेहरा काळजीनं ओढल्यासारखा झाला होता. त्यांनी विचारलं, डिकीत हे काय बसवून घेतलंय तिनं. मी सॉकेट दाखवलं. म्हणाले, कशासाठी. मी सांगितलं, पाणी गरम करायला. यात खोटं काही नव्हतं. ते सॉकेटला बोट लावून आप्पांकडे वळले. “शंकरा, तुझ्या पोरीला सांग की जरा.”

आप्पांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी उन्हात काढू नका म्हणून सांगितलं होतं. पाणावलेल्या डोळ्यांनी त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

“वसंता,” ते म्हणाले, “तिनं केलेल्या कामाला मी झालं नाही कसं म्हणू? उद्या माझ्या दुकानात कोण यायचं?”

वसंतराव पेपर बाकावरच टाकून निघून गेले. आप्पांनी चष्मा परत लावला आणि मला एकच विचारलं, की त्यांना जे माहीत नाही असं मला काही माहीत आहे का. मी हो म्हणाले. ते म्हणाले, “मग मला सांगू नको. मला वसंताशी खोटं बोलायला जमत नाही.”

शुक्रवारी सकाळी आठला बाई गाडी न्यायला आल्या त्या हिरव्या इरकलीत. पण तोंड उतरलेलं. तीन साक्षीदार लागतात. एक त्यांची मैत्रीण, एक मामांचा पुतण्या, दोघं परस्पर साताऱ्याला पोचणार होते. तिसरे शाळेतले एक सर. त्यांनी पहाटे फोन करून कळवलं होतं की अचानक कंबर धरली. बाई म्हणाल्या, आदल्या दिवशी ही कंबर बाजारात दिसली होती.

 मी आप्पांना सांगितलं, गाडीची ट्रायल घेऊन येते. आप्पांनी विचारलं, कुठवर. मी म्हटलं, साताऱ्यापर्यंत. ते म्हणाले, लांबची ट्रायल आहे, डबा घेऊन जा.

शेळके मामा गावाबाहेर वडाखाली उभे होते. नवा पांढरा शर्ट, कडक इस्त्री, हातात एक छोटी बॅग. मला बघून ते इतके लाजले की मागच्या दारानं बसू लागले. बाई म्हणाल्या, “शेळके, पुढे बसा.” ते पुढे बसले आणि साताऱ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. नुसते मधूनमधून आरशात बघून मिशा सारख्या करत होते.

कचेरीत सह्या झाल्या. माझी पाळी आली तेव्हा समोरच्या कारकुनानं नाव विचारलं, पत्ता विचारला, वय विचारलं. मग मान वर न करता म्हणाला, “व्यवसाय?”

आजवर असल्या कागदावर माझ्या नावापुढं कुणी ना कुणी ‘घरकाम’ लिहून टाकलेलं असायचं. मी माझ्या हातांकडे पाहिलं. कितीही घासले तरी नखांत काळं राहिलेलंच होतं.

“ऑटो इलेक्ट्रिशियन,” मी म्हणाले.

कारकुनानं मान वर केली. बाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “ट्रि आणि शि, दोन्ही ऱ्हस्व. नीट लिहा.”

बाहेर आल्यावर आवारात गाडी चालू ठेवून डिकीचं दार वर केलं आणि किटली लावली. आम्ही पाच जण तिच्याकडे बघत उभे राहिलो. तिचा लाल दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला. सहा मिनिटं गेली, आठ गेली, मग पाण्यानं हळूहळू सूर धरला. मामांनी चंचुपात्रात चहा ओतला, फुंकर मारली आणि पहिला घोट घेऊन डोळे मिटले. बाई त्यांच्यावर ओरडल्या नाहीत. नुसत्या बघत होत्या.

मला एसटी स्टँडवर सोडून ते दोघं पुढं गेले.

बाईंनी साताऱ्याहूनच वसंतरावांना फोन केला होता, हे मला संध्याकाळी घरी आल्यावर कळलं. गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. वसंतरावांनी आमच्या दुकानावरून जाणं सोडलं. पेपर घ्यायला ते आता मागच्या बोळातून जायचे. बाक सकाळी रिकामा असायचा आणि आप्पा त्याच्याकडे काळ्या चष्म्यातून बघत बसायचे. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण पेपरातलं कुणी सांगत नसल्यानं त्यांचा दिवस लवकर सरत नसे, ते मला दिसायचं. डोळ्यांवरचा काळा चष्मा गेला, वाकायची परवानगी मिळाली, तरी गिऱ्हाईक आलं की ते म्हणायचे, “वैजूला विचारा.” आणि हळूहळू लोक विचारायला लागले.

तेविसाव्या दिवशी दुपारी पांढरी वॅगन आर गल्लीत शिरली. चाकांपासून टपापर्यंत लाल मातीनं माखलेली. मी आणि आप्पा दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिलो. गल्लीतली प्रत्येक खिडकी उघडी होती, आणि जी कधीच उघडत नव्हती तीही. बाईंनी घरापुढं गाडी लावली. मामा उतरले आणि गाडीला पाठ टेकून उभे राहिले. आत जावं की तिथूनच परत फिरावं, असा त्यांचा चेहरा.

आधी नलिनीवहिनी बाहेर आल्या. हातात भाकरीचा तुकडा आणि तांब्या. दोघांवरून ओवाळून त्यांनी तुकडा बाजूला टाकला, दोघांच्या डोळ्यांना पाणी लावलं. त्यांच्या मागं वसंतराव दारात उभे होते. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. बाई त्यांच्याकडे बघत होत्या, आणि ज्या बाईंना उभा वर्ग घाबरायचा, त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

वसंतराव पायऱ्या उतरून आले. बहिणीजवळ थांबले नाहीत. गाडीला वळसा घालून त्यांनी डिकी उघडली, आत वाकून बघितलं आणि दोन्ही बॅगा बाहेर काढल्या. मामा गडबडीनं पुढं झाले आणि बॅग हातात घ्यायला लागले, शाळेत अष्टेकर बाईंपुढं करायचे तसे खांदे वाकवून.

“असू द्या,” वसंतराव म्हणाले. बॅग त्यांनी सोडली नाही. “तुम्ही चला पुढं, दाजी.”